अंधारातल्या कॅल्शियमला दिवा कोणी लावला?

आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकीने दवाखान्यात सलाईनची बाटली टांगलेली बघितली आहे. जुलाब झाले, बाळंतपणात रक्त गेलं, उन्हाचा झटका बसला, की डॉक्टर म्हणतात, ‘आर.एल. लावा.’ हे आर.एल. म्हणजे काय? रिंगर लॅक्टेट. यातलं रिंगर हे एका माणसाचं आडनाव आहे. आजची गोष्ट त्याच्यापासून सुरू होते आणि जाते खूप लांब, जेलीफिशपर्यंत आणि बाईच्या बीजांडापर्यंत.

मागच्या महिन्यात आरोग्याच्या कार्यक्रमात आपण गोळ्यांबद्दल बोललो होतो. आशाताई गरोदर बाईला लोहाची गोळी देतात, कॅल्शियमची देतात, आणि दोन्ही एका वेळी घेऊ नको म्हणून बजावतात. त्या कार्यक्रमानंतर एका गटातून प्रश्न आला: ‘कॅल्शियम हाडांना लागतं हे कळलं. पण ते हाडांशिवाय आणखी काय करतं, आणि ते शास्त्रज्ञांना दिसतं कसं?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधायला माणसांना शंभर वर्षं लागली.

आपल्या अंगातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेला एक टक्का रक्तात, मांसात, मज्जांमध्ये. या एका टक्क्याचं मोल सगळ्यात आधी कळलं ते सिडनी रिंगर यांना.

रिंगर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डॉक्टर होते. रोगी तपासून झाले की प्रयोगशाळेत जाऊन बेडकाच्या हृदयावर काम करायचे. बेडकाचं हृदय बाहेर काढून मिठाच्या पाण्यात ठेवलं तरी ते काही काळ धडधडत राहतं. 1882 साली त्यांनी लिहिलं की अमुक क्षार घातलेल्या पाण्यात हृदय चांगलं चालतं. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः जाहीर केलं की आधीच्या प्रयोगातलं पाणी शुद्ध केलेलं नव्हतं, लंडनच्या एका पाणीपुरवठा कंपनीचं नळाचं पाणी होतं. शुद्ध, उकळून वाफ गोळा केलेलं पाणी घेतलं तर हृदय थोड्याच वेळात मंदावून थांबायचं. नळाच्या पाण्यात तासन् तास चालायचं. मग नळाच्या पाण्यात असं काय होतं? चुन्याचा अंश. म्हणजेच कॅल्शियम. आपण ज्याला जड पाणी म्हणतो, ज्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो आणि साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यातल्या कॅल्शियमवर ते हृदय चाललं होतं.

पुढे 1930च्या दशकात अमेरिकेतले लहान मुलांचे डॉक्टर अलेक्सिस हार्टमन यांनी त्या पाण्यात लॅक्टेट घातलं आणि आजची आर.एल.ची बाटली तयार झाली. त्यात आजही थोडं कॅल्शियम असतं.

हृदयाला कॅल्शियम लागतं, हे कळलं. पण ते करतं काय? हृदय असो की हाताचा दंड, तो लाखो बारीक पेशींचा बनलेला आहे. पेशीच्या आत कॅल्शियम केव्हा येतं, किती येतं, कुठून कुठे जातं? ते बघायचं कसं? कॅल्शियमला रंग नाही, वास नाही. पेशी कापून, जाळून, राख तपासली तर कॅल्शियम किती होतं ते कळतं, पण पेशी मेलेली असते. चूल विझल्यावर राख बघून भाकरी कशी भाजली ते थोडंच कळतं? जिवंत पेशीत, काम चालू असताना बघायला हवं होतं.

आता जरा बँकेत जाऊ. गटाची रक्कम भरायला गेलं की कॅशियर नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो. साध्या उजेडात न दिसणारे बारीक तंतू आणि नोटेचा क्रमांक त्या दिव्याखाली चमकतात. यालाच फ्लुओरेसन्स म्हणतात. आपण त्याला चमक म्हणू. डोळ्यांना न दिसणारा जांभळ्यापलीकडचा उजेड एखाद्या पदार्थावर पडतो, तो पदार्थ तो उजेड पितो आणि त्याच क्षणी वेगळ्या, दिसणाऱ्या रंगाचा उजेड बाहेर टाकतो. 1852 साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी हे नीट समजावून सांगितलं आणि त्याला नाव दिलं. त्यांच्या हातात काय होतं? कोयनेल! हिवतापाचं तेच कडू औषध. कोयनेलचं पाणी उन्हात धरलं की कडेला निळसर झाक येते. आपली हळदही अशा दिव्याखाली पिवळी-हिरवी चमकते. घरी यूव्ही टॉर्च असेल तर बघा.

हळदीचं आणखी एक आपल्याला ठाऊकच आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखी लाली येते. म्हणजे एखादा रंग दुसऱ्या पदार्थाला भेटला की आपलं रूप बदलतो. आता हे दोन गुण एकत्र करा: चमकणारा रंग, आणि ठरावीक धातू भेटला की चमक बदलणारा रंग. असा रंग म्हणजे त्या धातूचा हेरच. 1867 साली स्वित्झर्लंडमधले फ्रीड्रिख गोपेल्सरोडर यांनी तुतीच्या कुळातल्या झाडाच्या लाकडातून मिळणारा मोरिन नावाचा रंग वापरून पाण्यातलं ॲल्युमिनियम ओळखलं. ॲल्युमिनियम भेटलं की मोरिन हिरवा चमकतो. (आपला फणससुद्धा तुतीच्याच कुळातला.) पण हे सगळं काचेच्या नळीत. जिवंत पेशीत नाही.

जिवंत पेशीत पहिला धीट प्रयत्न झाला 1928 साली. हर्बर्ट पोलॅक यांनी अमिबा नावाच्या एका पेशीच्या जिवात बारीक सुईने लाल रंग टोचला. तो रंग आपल्या मंजिष्ठेच्या नात्यातल्या झाडाच्या मुळांत सापडणाऱ्या अलिझरिनपासून केलेला होता. अमिबा पुढे सरकायला लागला की आत लाल कण पडताना दिसायचे. कॅल्शियम आणि रंग एकत्र येऊन कण बनत होते. दिसलं खरं, पण एकदा कण पडला की कॅल्शियम तिथेच अडकलं, पुढचं काहीच दिसत नाही.

आणि आता येते ती माणसं, ज्यांच्यासाठी मी हा विषय निवडला.

ओसामु शिमोमुरा 1928 साली जपानमध्ये जन्मले. ऑगस्ट 1945 मध्ये ते सोळा वर्षांचे होते आणि नागासाकीजवळ इसाहाया गावातल्या कारखान्यात त्यांना शाळेऐवजी कामाला लावलं होतं. 9 ऑगस्टला खिडकीतून असा लख्ख उजेड आला की अर्धा मिनिट डोळ्यांपुढे काहीच दिसेना. संध्याकाळी घरी चालत येताना काळा पाऊस पडला आणि अंगातला पांढरा सदरा काळवंडला. घरी पोचताच आजीने आधी आंघोळीला बसवलं. अणुबॉम्बची राख त्या पावसात होती हे त्या माउलीला कुठून कळणार? पण त्या आंघोळीने आपण पुढच्या आजारातून वाचलो असू, असं शिमोमुरा यांनी म्हातारपणी लिहिलं. मला या सगळ्या इतिहासात ती आजी फार महत्त्वाची वाटते. नोबेलच्या यादीत ती कुठेच नाही.

युद्धानंतर ते नागासाकीत औषधशास्त्र शिकले. 1960 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला फ्रँक जॉन्सन यांच्याकडे गेले. 1961च्या उन्हाळ्यात दोघे आणि सोबतची माणसं गाडी हाकत देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रायडे हार्बर नावाच्या बंदरावर गेली. तिथल्या समुद्रात एक जेलीफिश असतो, ज्याच्या कडेला डिवचलं की हिरवट उजेड दिसतो. तो उजेड कशामुळे, हे शोधायचं होतं. काजव्यासारखा स्वतःचाच उजेड. त्यावर बाहेरून दिवा टाकावा लागत नाही.

काम कसलं होतं? धक्क्यावर उभं राहून जाळीने जेलीफिश गोळा करायचे, कात्रीने त्यांच्या घेराची कड कापायची, कापडातून पिळून रस काढायचा. कोळणींच्या कामाहून फार वेगळं नाही. पण रसातला उजेड टिकतच नव्हता. काढला की विझायचा. शिमोमुरा होडी घेऊन समुद्रात जायचे आणि आडवे पडून विचार करायचे. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की रस आंबट केला तर उजेड दबून राहील. तसं केलं. मग काम संपल्यावर उरलेला रस मोरीत ओतून दिला. मोरीत जवळच्या टाकीतलं समुद्राचं पाणी वाहत येत होतं. ओतताक्षणी मोरीत निळा झगमगाट! समुद्राच्या पाण्यात काय असतं? मीठ, आणि कॅल्शियम. तो उजेड कॅल्शियमने पेटला होता.

त्या उन्हाळ्यात सुमारे 10,000 जेलीफिश कापून त्यांना त्या पदार्थाचे फक्त काही मिलिग्रॅम मिळाले. तांदळाच्या दाण्याहून कमी वजनाचे. 1962 मध्ये त्याला नाव दिलं एक्वोरिन. त्याच रसात आणखी एक हिरवा चमकणारा प्रथिनाचा अंश होता, तोही त्यांनी बाजूला काढून नोंदवून ठेवला. त्याचं महत्त्व पुढे कळणार होतं.

एक्वोरिनची रचना समजायला आणखी कितीतरी जेलीफिश लागणार होते. मग दर उन्हाळ्यात सगळं कुटुंबच बंदरावर. पत्नी आकेमी या प्रयोगशाळेतही त्यांच्या सोबत काम करायच्या आणि धक्क्यावरही. मुलगा, मुलगी हातात जाळी घेऊन. वर्षानुवर्षं मिळून साडेआठ लाखांच्या आसपास जेलीफिश त्यांनी गोळा केले. इतकं मोठं शास्त्र, पण त्याच्या मुळाशी वेचणं, कापणं, पिळणं, पुन्हा वेचणं. हे काम कशाला म्हणतात ते आपल्याला सांगायला नको.

1967 मध्ये एलिस रिजवे आणि ख्रिस्तोफर ॲश्ली यांनी हे एक्वोरिन समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या मोठ्या बार्नेकलच्या स्नायूत टोचलं. तो स्नायूतंतू चांगला जाड असतो, सुई घालता येते. स्नायूला विजेचा हलका झटका दिला. आधी आत उजेड लकाकला आणि लगेच स्नायू आखडला. रिंगरच्या बेडकानंतर 84 वर्षांनी माणसाने पहिल्यांदा पाहिलं की कॅल्शियम आत येतं आणि मग स्नायू काम करतो.

1977 मध्ये रिजवे, गिल्की आणि जाफे यांनी मेदाका माशाच्या अंड्यात तेच केलं. मेदाका म्हणजे जपानमधला भातखाचरातला चिमुकला मासा. जिथे नराचं बीज शिरतं तिथे उजेड पेटला आणि लाट पसरावी तसा दोन-तीन मिनिटांत अंड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचला. जीव सुरू होतानाची ती कॅल्शियमची लाट होती.

पण एक्वोरिन मिळणार किती? आणि आपल्या शरीरातल्या पेशी बार्नेकलसारख्या मोठ्या नसतात. सुई टोचली की मरतात. इथे आले रॉजर त्सिएन. आडनाव असं लिहितात, उच्चार मात्र ‘चेन’च्या जवळचा. 1952 साली अमेरिकेत चिनी कुटुंबात जन्मले. लहानपणी दमा होता, बाहेर खेळता यायचं नाही, म्हणून घरातच रसायनांचे प्रयोग. केंब्रिजला शिकत असताना त्यांनी ठरवलं की कॅल्शियम ओळखणारा रंग आपणच बनवायचा.

यात अडचणी काय होत्या ते ऐका, कारण खरी गंमत तिथेच आहे. पेशीच्या बाहेर जितकं कॅल्शियम असतं, त्याच्या दहा हजारावा हिस्सा आत मोकळं असतं. पेशी ते मुद्दाम बाहेर उपसत राहते. का? शांत घरात कडी वाजली की लगेच ऐकू येते, बाजारात वाजली तर नाही. आत कॅल्शियम कमी असलं तरच थोडं आलेलं कळतं, आणि ‘आखड’, ‘स्रव’, ‘विभाग’ असा निरोप पोचतो. पण मॅग्नेशियम मात्र आत भरपूर असतं, आणि ते कॅल्शियमचं चुलतभावंड. म्हणजे रंग असा हवा की हजारोंच्या गर्दीत मॅग्नेशियमला हात लावणार नाही आणि एकट्या कॅल्शियमला धरेल. त्सिएन यांनी 1980 मध्ये असा रेणू बनवला. त्याची पकड खेकड्याच्या नांगीसारखी, कॅल्शियमच्याच मापाची.

दुसरी अडचण: हा रंग पेशीच्या पडद्यातून आत जाईना. रंगावर विजेचा भार होता, आणि पडदा भार असलेल्याला आत घेत नाही. 1981 मध्ये त्सिएन यांनी युक्ती काढली. भाराच्या प्रत्येक टोकाला एक टोपी घातली. टोपी घातलेला रंग मुकाट्याने आत शिरतो. आत पेशीचीच पाचक द्रव्यं टोप्या कापून टाकतात. टोपी गेली, भार उघडा पडला, आता बाहेर येता येत नाही. उंदराच्या पिंजऱ्यासारखं: आत जायला वाट, बाहेर यायला नाही. सुई नाही, जखम नाही. पेशी रंगाच्या पाण्यात तासभर ठेवायच्या, बस.

1982 मध्ये तुलिओ पोत्झान आणि टिम रिंक यांच्याबरोबर त्यांनी क्विन-2 नावाचा रंग वापरून रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधलं कॅल्शियम मोजलं. पण क्विन-2 मंद होता. दिसावा म्हणून खूप भरावा लागे, आणि खूप भरला की तोच सगळं कॅल्शियम गिळून बसे. पाहुण्यांना मोजायला गेलेला माणूसच पंगतीत जेवून गेला, असं काहीसं. 1985 मध्ये आला फ्युरा-2. तीसपट तेजस्वी. आणि त्यात आणखी एक शहाणपण होतं. चमक वाढली, तर कॅल्शियम वाढलं की तिथे रंगच जास्त साचला होता, हे कसं ओळखायचं? फ्युरा-2वर दोन वेगवेगळे उजेड आळीपाळीने टाकतात. कॅल्शियम धरलं की एका उजेडात चमक वाढते, दुसऱ्यात घटते. एकाला दुसऱ्याने भागलं की रंग किती होता याचा हिशेब आपोआप कटतो. आमटी वाटीत घ्या नाहीतर पातेल्यात, खारटपणा तोच, तसं हे. हा रंग जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम कसं चढतं आणि उतरतं, ते पडद्यावर दिसायला लागलं.

मग जेलीफिशमधल्या त्या बाजूला ठेवलेल्या हिरव्या प्रथिनाची पाळी आली. डग्लस प्रॅशर यांनी त्याचा जनुक, म्हणजे ते प्रथिन बनवण्याची कृती, शोधून 1992 मध्ये छापली. हा जनुक दुसऱ्या जिवात घातला तर तो जीव स्वतःच चमकेल, हे त्यांना दिसत होतं. पण त्यांचा निधी संपला. त्यांनी तो जनुक मार्टिन चाल्फी आणि त्सिएन यांना मागितल्याबरोबर देऊन टाकला. चाल्फी यांच्या प्रयोगशाळेत गिया युस्कर्चेन या विद्यार्थिनीने जिवाणूत तो पहिल्यांदा चमकताना पाहिला. 1997 मध्ये त्सिएन आणि आत्सुशी मियावाकी यांनी या प्रथिनाचे दोन रंगांचे तुकडे जोडून असा हेर बनवला की पेशी तो स्वतःच तयार करते आणि कॅल्शियम आलं की रंग बदलते.

2008चं रसायनशास्त्राचं नोबेल हिरव्या प्रथिनाबद्दल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. त्या दिवशी प्रॅशर अमेरिकेतल्या हंट्सविल शहरात मोटारींच्या एका दुकानात गिऱ्हाइकांना पोचवायची गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी आपल्या खर्चाने त्यांना आणि त्यांच्या पत्नीला स्टॉकहोमच्या सोहळ्याला बोलावलं, आणि पुढे त्सिएन यांनी आपल्या प्रयोगशाळेत कामही दिलं. हा त्यांचा मोठेपणा मी मानते. तरी एक विचार सुटत नाही. गटात एखादीने लोणच्याची कृती सगळ्यांना मोकळेपणाने सांगितली आणि ऑर्डर दुसऱ्या दोघींच्या नावावर आली, तर आपण बैठकीत तो विषय काढतो. नोबेल एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत, हा तिथला नियम. नियम आहे म्हणून तो न्याय झाला, असं मला वाटत नाही.

कॅल्शियमनंतर इतर धातूंचे हेर निघाले. जस्ताचा 1987 मध्ये. जस्त म्हणजे झिंक, जुलाबात लेकराला ओआरएससोबत 14 दिवस देतात त्या गोळीतलं. 2011 मध्ये अमेरिकेत टेरेसा वुडरफ आणि थॉमस ओ’हॅलोरन यांच्या गटाने उंदरीच्या बीजांडाभोवतीच्या पाण्यात जस्ताला चमकणारा रंग घातला. बीजांड फळलं की आधी आत कॅल्शियमची लाट, मेदाका माशासारखीच, आणि पाठोपाठ बीजांडातून जस्ताचे अब्जावधी कण बाहेर फेकले जातात. रंगात ती ठिणगी दिसते. 2016 मध्ये तीच ठिणगी बाईच्या बीजांडातून दिसली. तिथे पुरुषबीज वापरलं नव्हतं, कारण मानवी गर्भ तयार करणाऱ्या संशोधनाला अमेरिकेत केंद्र सरकारचा पैसा वापरता येत नाही. फलनाच्या वेळचा निरोप रसायनांनी दिला होता. त्याच वर्षी उंदरांत असंही दिसलं की ज्या बीजांडाची ठिणगी मोठी, त्याचा गर्भ पुढे चांगला वाढतो. मूल होत नाही म्हटलं की आपल्याकडे बोट आधी बाईकडे जातं, पण बीजांडाच्या आत काय चाललंय ते त्याला इजा न करता बघायची सोय मात्र आत्ता कुठे होते आहे.

एका ताईने विचारलंय, ‘हा रंग आपल्या अंगात टोचून तपासतात का?’ नाही. फ्युरा-2सारखे रंग प्रयोगशाळेतल्या बशीत ठेवलेल्या पेशींसाठी आहेत. डॉक्टरांनी कॅल्शियमची तपासणी लिहून दिली तर ती रक्ताची असते. तिथेही लॅबवाले आपल्या रक्तातल्या पाण्यात एक रंगच घालतात, पण बाहेर नळीत. तो चमकत नाही, फक्त कॅल्शियम भेटलं की त्याचा रंग बदलतो. हळदीला साबण लागल्यासारखा. किती बदलला ते यंत्र मोजतं आणि तो आकडा आपल्या कागदावर येतो.